तेलाचा डबा आणि समुद्रावरचं पायदळ

पुण्यात मार्केट यार्डच्या भुसार विभागात भल्या सकाळी उभं राहावं आणि हमालांच्या पाठीवरून टेम्पोत काय काय चढतंय ते बघावं. पामतेल इंडोनेशिया-मलेशियाचं, मलाक्काच्या सामुद्रधुनीतून आलेलं. सूर्यफूल तेल काळ्या समुद्राकडचं. तूर मोझांबिक-टांझानियाची, खजूर आखातातला. २०२३च्या अखेरीस येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर मारा सुरू केला, तेव्हा कितीतरी जहाजं अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. गुलटेकडीच्या गाळ्यावर लागणाऱ्या भावात तो वळसाही मोजला जातो.

मग या वाटा राखतं कोण? मार्च २०२४मध्ये सोमाली चाच्यांनी बळकावलेलं ‘रुएन’ हे मालवाहू जहाज सोडवताना आपल्या हवाई दलाच्या सी-१७ विमानाने नौदलाचे मार्कोस कमांडो बोटींसह भर समुद्रात पॅराशूटने उतरवले. ठिकाण भारतापासून सुमारे २६०० किलोमीटर दूर. ‘आयएनएस कोलकाता’ने तब्बल ४० तास त्या जहाजाची कोंडी केली. ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप सुटले.

पण मार्कोस म्हणजे मूठभर निवडक माणसं. या वाटांवरची बेटं आणि किनारे राखायला ती पुरणार नाहीत. समुद्रातून येऊन किनारा ताब्यात घेणारं, तिथे टिकून लढणारं स्वतंत्र मरीन दल भारताकडे नाही. ते काम लष्कराच्या काही खास तुकड्या करतात. त्यांतली तिरुअनंतपुरमची ब्रिगेड दक्षिण कमांडमधली, आणि या कमांडचं मुख्यालय मार्केट यार्डपासून जवळच, पुणे कँपात आहे! असं दल वेगळं उभारावं की आहे तेच बळकट करावं, हा वाद जुना आहे.

किनाऱ्यावर फौज उतरवणं किती अवघड, हे कळलं की थक्क व्हायला होतं. ट्रकचा फाळका पडावा तसा जहाजाचा पुढचा दरवाजा वाळूवर उघडतो. तिथे टेकण्याआधीच जहाज मागे समुद्रात नांगर टाकून ठेवतं, म्हणजे परतताना त्याच नांगराच्या साखळीवर स्वतःला मागे ओढून घेता येतं. भरती-ओहोटीची वेळ चुकली किंवा तळाचा अंदाज हुकला की घात. डिसेंबर १९७१मध्ये, बांगलादेश युद्धात, कॉक्स बझारला तसंच झालं. जहाज वाळूच्या बांधावर टेकलं, पण बांध आणि किनारा यांच्यामधलं पाणी खोल निघालं आणि त्यात गोरखा जवान बुडाले. त्याआधी १९६१मध्ये, गोवा मुक्तीच्या वेळी, अंजदीव बेटावर उतरताना नौदलाचे सात जण कामी आले होते.

या कामासाठीचं आपलं सर्वांत मोठं जहाज म्हणजे ‘आयएनएस जलाश्व’. ते टाक्यांत पाणी भरून घेतं आणि आपली शेपटाकडची बाजू मुद्दाम बुडवतं. पोटातल्या हौदात समुद्र शिरतो आणि आतल्या बोटी सैनिकांसह तरंगत बाहेर पडतात. सुमारे हजार सैनिक मावतील एवढं हे जहाज अमेरिकेत १९७१मध्ये सेवेत आलं आणि २००७मध्ये आपल्याकडे. म्हणजे पन्नाशी उलटलेलं! अशा नव्या जहाजांचा विषय वर्षानुवर्षं रेंगाळला. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये संरक्षण खरेदी परिषदेने त्यांची गरज मान्य केली. जहाजं पाण्यात उतरायला अजून अवकाश आहे.

तिकडे अमेरिकी मरीन दलाने २०२०मध्ये आपले सगळे रणगाडे सोडून द्यायचं ठरवलं. बेटांवर विखुरलेल्या छोट्या तुकड्या, हाताशी जहाजभेदी क्षेपणास्त्रं, आणि शत्रूला सुगावा लागण्याआधी मुक्काम हलवायचा, असा त्यांचा नवा विचार. या विचारावर तिथल्याच निवृत्त सेनानींनी टीकेची झोड उठवली.

मला वाटतं, आपल्याला अमेरिकेएवढं अवाढव्य दल नको, पण हा बेटांचा विचार अंदमान-निकोबारला चपखल बसतो. तिन्ही दलांची संयुक्त कमांड तिथे २००१पासून आहे, आणि पामतेलाची जहाजं मलाक्कातून बाहेर पडून निकोबारच्या दक्षिण टोकाजवळूनच आपल्याकडे वळतात. त्या बेटांवर कायम मुक्कामी राहणारी, भरती-ओहोटी अंगवळणी पडलेली फौज हवी, आणि तिच्या आधी तिला वाहून नेणारी जहाजं हवीत. दलाचं नाव काय ठेवायचं, ते मागाहून ठरवता येईल.