पिसाच्या वजनाचे मल्ल

जत्रेच्या हगाम्यांत जोड लावण्यास तराजू लागत नाहीं. माजलगांवाकडे काय किंवा मराठवाड्यांतील दुसऱ्या कोणत्याही गांवीं काय, पंच दोघां पैलवानांना समोरासमोर उभे करतात, उंची, छाती, मनगट न्याहाळतात आणि जोड बरोबर असल्याचें सांगून मोकळे होतात. आरंभींच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर. शेवटची मानाची कुस्ती मात्र धिप्पाड मल्लांची. ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब १९६१ सालीं सुरू झाला, तोही खुल्या गटांतील भारी मल्लांच्याच वांट्याला येणारा. सारांश, तांबड्या मातीनें हलक्या वजनाच्या पैलवानाला टाळ्या पुष्कळ दिल्या. गदा दिली नाहीं.

पश्चिमेकडील मुष्टियुद्धांत ही उणीव फार पूर्वीं भरून काढण्यांत आली. तेथें प्रत्येक वजनाला स्वतंत्र विजेता असतो. त्यांतील ‘फेदरवेट’ म्हणजे शब्दशः पिसाच्या वजनाचा गडी. मर्यादा १२६ पौंड, म्हणजे सुमारें ५७ किलो. नांव थट्टेचें वाटतें, पण जाणते प्रेक्षक या गटाकडे विशेष आवडीनें पाहतात. भारी वजनांत एका ठोशानें सगळा हिशेब चुकता होऊं शकतो. येथें पायांची चपळाई, अंतराचा अंदाज आणि दम यांवरच बहुधा निकाल लागतो.

या गटांत श्रेष्ठ कोण, हा वाद मोठा रंगतदार आहे. अमेरिकेच्या विली पेपनें आरंभापासून सलग ६२ लढती जिंकल्या आणि १९४३ सालीं त्याला पहिला पराभव पाहावा लागला. १९४७ च्या विमान-अपघातांत तो जबर जखमी झाला, तरी त्याच वर्षीं पुन्हां रिंगणांत उतरला. पुढें सँडी सॅडलरशीं त्याच्या चार लढती झाल्या. १९४८, १९५० आणि १९५१ च्या सॅडलरनें जिंकल्या, १९४९ ची तेवढी पेपनें. समोरासमोरचा हिशेब धरला तर सॅडलर वरचढ. तरीही पुष्कळ जाणकार पेपलाच पहिलें स्थान देतात, कारण सॅडलरला भेटला तो अपघातानंतरचा पेप होता. हेन्री आर्मस्ट्राँगची गोष्ट आणखी निराळी: १९३८ सालीं तो एकाच वेळीं तीन वजनांचा जगज्जेता होता. मेक्सिकोच्या साल्वादोर सांचेझनें १९८० मध्यें जिंकलेलें पद नऊ वेळां राखलें आणि १९८२ सालीं, अवघ्या तेविसाव्या वर्षीं, मोटार-अपघातांत त्याचा अंत झाला. तेव्हां नुसत्या विजयांची मोजदाद पुरत नाहीं. प्रतिस्पर्धी कोण होते, कोणत्या अवस्थेंत भेटले, आणि यश किती काळ टिकलें, हेंही पाहावें लागतें.

हीच कसोटी मराठी मल्लांना लावून पाहतां येईल. मुष्टियुद्धांत जें पिसाचें वजन, तेंच जवळजवळ १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्यें खाशाबा जाधवांचें होतें. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ सालीं लंडनला ५२ किलोंच्या गटांत सहावे आले. मातींत वाढलेल्या मल्लाला तेथें गादीवर लढावें लागलें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तो सहावा क्रमांकही लहान वाटत नाहीं. हेलसिंकीच्या प्रवासासाठीं राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. खाशाबांनीं ५७ किलोंत कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरविले. ते हरले दोघांकडून: जपानचा इशी आणि सोव्हिएट संघाचा ममेदबेकोव्ह. यांपैकीं पहिल्यास सुवर्ण मिळालें, दुसऱ्यास रौप्य. म्हणजे त्यांना नमविणारे दोघेही त्यांच्याच पुढें उभे राहिले. त्या कांस्यपदकानंतर कुस्तींतील दुसरें पदक भारताला २००८ पर्यंत मिळालें नाहीं. पहिलें स्थान त्यांचेंच. येथें फारसा वाद नाहीं.

वाद आहे तो दुसऱ्या स्थानाचा. त्याच हेलसिंकींत कोल्हापूरचे केशव माणगावे ६२ किलोंत चौथे आले. कुस्तींत तेव्हां ‘फेदरवेट’ हें नांव याच गटाला होतें, त्यामुळें नांवावर खरा हक्क त्यांचाच. पण चौथ्या क्रमांकाला पदक नसतें, आणि पदक नसलेल्या मल्लाची आठवण लोक फार दिवस ठेवीत नाहींत. एका पायरीचें हें अंतर त्यांना फारच महाग पडलें.

त्यांच्यासमोर उभे राहतात बीड जिल्ह्यांतील पाटोद्याचे राहुल आवारे. हरिश्चंद्र बिराजदार आणि नंतर काका पवार या दोन वस्तादांच्या हाताखालीं ते पुण्यांत तयार झाले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला ५७ किलोंतून संदीप तोमर गेले. एका वजनाला देशाचा एकच मल्ल, हा नियम हलक्या गटांतील चुरशीला फार निष्ठुर ठरतो. २०१८ सालीं गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत आवारे यांनीं ५७ किलोंचें सुवर्णपदक घेतलें. पुढील वर्षीं नूर-सुलतान येथील जागतिक स्पर्धेंत ६१ किलोंत ते उतरले, उपान्त्य फेरींत जॉर्जियाच्या लोमताद्झेकडून हरले आणि अमेरिकेच्या टायलर ग्राफला नमवून कांस्य मिळविलें. लोमताद्झेनेंच पुढें सुवर्ण जिंकलें. ६१ किलोंचा गट ऑलिंपिकमध्यें नाहीं, म्हणून या पदकाचें मोल कमी, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. पण जागतिक स्पर्धेची गादी ती गादीच, आणि तेथें उतरणारे मल्लही निवडक.

एकाच्या बाजूला ऑलिंपिकमधील चौथा क्रमांक, दुसऱ्याच्या बाजूला दोन मोठ्या स्पर्धांतील पदकें व दोन वजनांतील यश. पेपच्या कसोटीनें पाहिलें तर टिकाऊपणाचें माप आवारे यांच्याकडे झुकतें, आणि दुसरें स्थान त्यांना देणें रास्त होईल. माणगावे तिसरे, मात्र आवारे यांच्याहून फार मागें नव्हेत.