चौकट : पुरवठादाराची पूर्वपात्रता

खरेदीदार : मध्य प्रदेश विद्युत मंडळाच्या विभाजनातून निर्माण झालेल्या आणि इंदूर व उज्जैन या दोन संभागांत वीजवितरणाचा कारभार पाहणाऱ्या पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीचे मुख्यालय इंदूरच्या पोलो ग्राउंडवर आहे.

पूर्वपात्रता : दराचा लिफाफा उघडण्यापूर्वी होणारी पुरवठादाराच्या अनुभवाची, उलाढालीची व उत्पादनक्षमतेची छाननी. ती त्या एका निविदेपुरतीच असते.

मान्य यादी : ठरावीक मुदतीची नोंदणी. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार मुदत १ ते ३ वर्षे. यादीत नाव असणे म्हणजे खरेदीचा हुकूम नव्हे, हा भेद विशेष लक्षात ठेवण्याजोगा.

रोहित्राची परीक्षा : तेलयुक्त वितरण रोहित्रांना भारतीय मानक ११८० लागू आहे. नमुन्याच्या रोहित्रातून लघुपरिपथाचा प्रचंड प्रवाह क्षणभर सोडून, त्यानंतर त्याची वेटोळी सरकली वा वाकली नाहीत ना हे तपासणारी चाचणी सर्वांत कठोर. १९६० साली स्थापन झालेल्या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेचे एक चाचणी केंद्र भोपाळ येथे आहे.

बयाणा : केंद्रीय नियमांत अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के.

प्रतिबंध : सचोटीच्या संहितेचा भंग केल्यास खरेदीदार खात्याकडून कमाल २ वर्षे.