विश्लेषण : भारतात एकट्याने येणाऱ्या परदेशी पर्यटकाचे पहिले काही तास अवघड का असतात?

परदेशी पर्यटकाचे भारताविषयीचे पहिले मत ताजमहाल पाहून बनते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते बऱ्याचदा विमानतळाच्या दारातच बनते. एकट्याने आलेल्यांच्या बाबतीत तर हे हमखास घडते.

उतरल्यावर काय घडते?

२०१४ मध्ये सुरू झालेल्या ई-व्हिसामुळे व्हिसासाठी दूतावासाच्या फेऱ्या मारणे अनेकांना टळले. युरोपातून मुंबईला येणारी बरीच विमाने रात्री उशिरा उतरतात. टर्मिनल २ मध्ये सगळे थंड, चकचकीत असते. बाहेर पडताच दमट हवा अंगावर येते, हॉर्नचा आवाज आणि टॅक्सीवाल्यांच्या हाका सुरू होतात. भुयारी मेट्रोचे स्थानक जवळच आहे, पण मध्यरात्री मेट्रो बंद असते. कुलाब्यातले हॉटेल साधारण २५ किलोमीटरवर असते.

हातात मोबाइल असूनही अडते कुठे?

अडचण ओटीपीची असते. आपल्याकडच्या अनेक सेवा भारतीय मोबाइल क्रमांक गृहीत धरतात. परदेशातून घेऊन आलेल्या ई-सिमवर बहुधा फक्त इंटरनेट मिळते, भारतीय क्रमांक नाही. नवे सिम पासपोर्ट व व्हिसा दाखवून घेता येते. पण ते लगेच सुरू होईलच असे नाही. गटाने आलेला माणूस सोबत्याचा फोन मागतो. एकट्याला ती सोय नसते.

पैशांचे काय?

चहाच्या टपरीवरही क्यूआर कोड पाहून पर्यटक चकित होतो. मात्र तो स्कॅन करण्यासाठी त्याच्याकडे भारतीय बँक खाते नसते. यावर उपाय म्हणून २०२३ मध्ये जी-२० च्या निमित्ताने 'यूपीआय वन वर्ल्ड' हे आधी पैसे भरून वापरायचे वॉलेट आले. ज्याला याची माहिती नाही, तो एटीएम शोधतो. तिथे ५०० च्या नोटा मिळतात आणि पहिलाच रिक्षावाला 'सुट्टे नाहीत' म्हणतो.

फसवणूक नेमकी कधी होते?

याच गोंधळात. 'तुमचे हॉटेल बंद झाले', 'रस्ता अडवला आहे' असे सांगून भलत्याच हॉटेलात किंवा 'सरकारी' म्हणवणाऱ्या खासगी पर्यटन कार्यालयात नेण्याचा प्रकार दिल्लीत जुना आहे. फोन चालत असेल, तर हॉटेलला एक कॉल करून खोटेपणा उघड होतो. नसेल, तर समोरच्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

आपुलकीही खटकते का?

'कुठून आलात? लग्न झाले का? एकट्याच फिरता?' हे प्रश्न आपल्याकडे गप्पांची सुरुवात असतात. रात्री एकट्या असलेल्या स्त्रीला मात्र तेच प्रश्न चौकशीसारखे वाटू शकतात. दुसरीकडे, न विचारता पत्ता दाखवणारा, स्वतःच्या फोनवरून हॉटेलला कॉल लावून देणारा माणूसही पहिल्याच दिवशी भेटतो.

उपाय काय?

पहिल्या रात्रीचे हॉटेल आधीच ठरवणे, त्याचा पत्ता कागदावर लिहून ठेवणे, विमानतळावरच थोडी रोकड घेणे आणि प्रीपेड टॅक्सी काउंटर वापरणे, एवढ्याने बराच ताण कमी होतो. पर्यटन मंत्रालयाची १३६३ ही बहुभाषिक हेल्पलाइन दिवसरात्र सुरू असते. तातडीच्या मदतीसाठी ११२ आहे. मात्र हे क्रमांक लावायलाही चालू फोन लागतो. त्यामुळे सिम, पैसे आणि वाहन या तिन्ही गोष्टी विमानतळाबाहेर पडण्यापूर्वीच मिळाल्या, तर पाहुण्याची पहिली रात्र बरीच सुखाची जाईल.