दुसऱ्या मॉडेलचे शॉकअप कव्हर बसवण्यापूर्वी

धार आणि देवास ही माळव्यातील पवार घराण्याची जुनी संस्थाने. इंदूरमार्गे या दोन शहरांतील अंतर सुमारे १०० किलोमीटर. या पट्ट्यातील काळी माती उन्हाळ्यात बारीक धूळ होऊन उडते आणि पावसाळ्यात चिखल होऊन चाकांना चिकटते. मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपवर रबरी कव्हर हवे असे तेथील चालकास वाटते, त्याचे कारण हेच. लाल धूळ आणि खारी हवा असलेल्या गोव्यातही ही गरज तितकीच आहे.

शॉकअपमधील क्रोमचा चकचकीत पाइप खालच्या नळीत सतत वरखाली सरकतो. नळीच्या तोंडाशी असलेले ऑइल सील आतले तेल अडवते. पाइपवर वाळूचा ओरखडा किंवा गंजाचा खड्डा पडला, की सीलची कड फाटते आणि तेल झिरपू लागते. ते ओघळून डिस्क व ब्रेक पॅडवर गेल्यास पुढचा ब्रेक ऐनवेळी दगा देतो.

दुसऱ्या मॉडेलचे कव्हर घेताना बहुतेक जण केवळ पाइपची जाडी पाहतात. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ आणि हंटर ३५० या दोन्ही गाड्यांचे पाइप ४१ मिलिमीटरचे आहेत. मात्र हिमालयनचा शॉकअप २०० मिलिमीटर दबतो, तर हंटरचा १३०. त्यामुळे हंटरचे कव्हर हिमालयनवर ताणले जाऊन क्लिपमधून सुटू शकते. हिमालयनचे कव्हर हंटरवर घड्या पडून अडकू शकते. म्हणून जाडीबरोबर तीन मापे घ्यावीत: शॉकअप पूर्ण उघडल्यावरची लांबी, पूर्ण दबल्यावर उरणारी जागा आणि खालच्या नळीच्या तोंडाचा बाहेरचा व्यास.

अखंड कव्हर वरून घालावे लागते. त्यासाठी पुढचे चाक, मडगार्ड आणि कॅलिपर काढून शॉकअप खाली ओढावे लागतात. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नये. कव्हरला हवेचे छिद्र असल्यास ते मागच्या बाजूस ठेवावे. सर्व बोल्ट कंपनीने सांगितलेल्या मापानेच आवळावेत. हे काम जाणत्या मेकॅनिकचे आहे.

धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे नॅट्रॅक्स हे वाहनचाचणी केंद्र आहे. तेथील ११.३ किलोमीटरच्या वेगवान ट्रॅकचे उद्घाटन २०२१ मध्ये झाले. खडबडीत आणि ओल्या रस्त्यांवर वाहन कसे वागते, हेही तेथे पारखले जाते. गॅरेजमध्ये आपण मात्र स्टँडवरच्या गाडीकडे पाहून कव्हर नीट बसल्याचे ठरवतो. निदान ब्रेक धरून शॉकअप चार-पाच वेळा जोरात दाबावा, हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे आणि कव्हर कोठे घासते किंवा वायर ओढते का, ते पाहावे.

कव्हर बसवले म्हणजे काळजी संपली, असे नाही. आत शिरलेले पाणी तेथेच साचले, तर पाइप नजरेआड गंजतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा क्लिप सैल करून कव्हर वर सरकवावे आणि पाइप कोरडा पुसावा. पाइपवर तेलाचे कडे दिसले, तर आधी सील बदलावे आणि मगच कव्हर पुन्हा चढवावे.