एका खुणेला एकच वाचन

धायरी-नऱ्ह्याच्या पट्ट्यातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर आम्ही कंपन मोजणारा सेन्सर बसवलाय. एडीएक्सएल३४५ ही चिप, आकार ३ बाय ५ मिलिमीटर. तिला लिनक्सशी बोलतं करणारा ड्रायव्हर माझ्याकडे आला, तो आधी कुणीतरी लिहिलेला होता. काम नंतरसाठी रांगेत लावणारा वर्कक्यू, चार फ्लॅग, दोन लॉक. वाचतानाच दमायला होई.

चिपकडे माप तयार झालं की ती एका तारेवरून प्रोसेसरला खूण करते. हा इंटरप्ट. प्रोसेसर हातातलं काम टाकून धावतो, पण तिथे त्याला रेंगाळता येत नाही. एक माप आणायचं म्हणजे पत्त्याबित्त्यासकट नऊ बाइट. ४०० किलोहर्ट्झच्या आय-टू-सी तारेवर त्याला ०.२ मिलिसेकंद लागतात. प्रोसेसरच्या हिशेबात हा फार मोठा वेळ. आमच्या सोसायटीत टँकर आला की वॉचमन नुसता फोन करतो. पाइप जोडायला तोच गेला तर गेटवर कोण? थॉमस ग्लाइक्सनर यांच्या कामातून २००९ साली लिनक्समध्ये ‘थ्रेडेड इंटरप्ट’ आला तो याचसाठी. खूण टिपायची आणि लगेच मोकळं व्हायचं. वाचन वेगळा थ्रेड करतो. तो वापरल्यावर वर्कक्यू गेलाच, त्याच्यामागून बरेच फ्लॅगही गेले.

तरी ‘मशीन सुरू झालं’ ही नोंद अधूनमधून गायब व्हायची. चिपमध्ये एक रजिस्टर आहे, खूण कशासाठी केली ते सांगणारं. गंमत अशी, की ते वाचलं की हालचालीची नोंद पुसली जाते. जुन्या कोडमधली दोन फंक्शनं ते आपापलं वाचत. माप गोळा करणारं आधी पोचलं तर दुसऱ्याला पाटी कोरी. लॉकनं हे कसं थांबणार? आता रजिस्टर एकदाच वाचतो आणि तीच किंमत दोघांना देतो. उरलेले लॉकही त्यामुळे निघाले.

मापं सेकंदाला ८०० येतात. प्रत्येकासाठी खूण नको म्हणून चिपमधल्या ३२ जागांच्या बफरपैकी १६ भरल्या की एक, अशा सेकंदाला ५० खुणा. उरलेल्या १६ जागा म्हणजे थ्रेडला उशीर झालाच तर २० मिलिसेकंदांची उसंत. आकडा पंचवीसवर नेला तर खुणा आणखी घटतील, पण उसंत नऊच्या आत येईल. मी सोळाच ठेवलाय.