बाष्पचालित आणि संकरित मोटारगाड्यांच्या व्यावहारिक अडचणी

बाष्पचालित मोटारगाडी बाष्पकातील वाफेवर चालते. संकरित म्हणजेच हायब्रिड गाडीत पेट्रोल इंजिनाला विद्युत मोटर व बॅटरीची जोड असते. या गाड्यांच्या काही मर्यादा प्रदेशानुसार तीव्र होतात. बेताचा पाऊस, बेसाल्ट खडकातील भूजल व ४० अंश सेल्सियस ओलांडणारा उन्हाळा असलेला मराठवाड्यातील जालना जिल्हा त्याचे उदाहरण होय.

बाष्पचालित गाडी

अमेरिकेतील स्टॅन्ली कंपनीच्या गाडीने १९०६ मध्ये ताशी सुमारे २०५ किमी वेग गाठला. तिच्या सुरुवातीच्या नेहमीच्या गाड्या मात्र वापरलेली वाफ हवेत सोडत. त्यामुळे थोड्याथोड्या अंतरावर पाणी भरावे लागे व ते रस्त्याकडेच्या घोड्यांच्या हौदांतून घेतले जाई. १९१४ मध्ये लाळ-खुरकत रोगामुळे असे अनेक हौद बंद झाले आणि कंपनीला वाफेचे पुन्हा पाणी करणारे संघनित्र बसवावे लागले. त्यातून सिलिंडरमधील वंगण बाष्पकात जाऊ लागले, ही नवीच कटकट. शिवाय हवा जितकी तापलेली, तितके संघनित्राचे काम मंदावते.

जालन्यात २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या आणि गावोगावी टँकर फिरले. तेथे गाडीसाठी पाणी मागणे अवघडच. विहिरीचे जड पाणी मिळाले, तरी उकळताना त्यातील क्षारांची पुटे बाष्पकाच्या नळ्यांवर चढतात. उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही व नळी जळते. याच जिल्ह्यातून १९०० पासून वाफेची रेल्वे धावली, कारण तिचे पाणी भरण्याचे थांबे ठरलेले होते. वाटेल तेथे जाणाऱ्या मोटारीला ती सोय नाही.

संकरित गाडी

येथे पाण्याचा प्रश्न नाही, उष्णतेचा आहे. सतत तापणाऱ्या बॅटरीचे आयुष्य घटते. अनेक गाड्यांत बॅटरी प्रवासीकक्षातील हवेने थंड केली जाते. त्या मार्गाची जाळी कच्च्या रस्त्यांवरील धुळीने तुंबू शकते. इंधनाची मोठी बचत ब्रेक लावताना परत मिळणाऱ्या ऊर्जेतून होते. ती शहरातील गर्दीत अधिक. जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना बरीच कमी.

बॅटरी बदलण्याचा खर्च मोठा असून उच्च दाबाच्या विद्युतप्रणालीवर प्रशिक्षित कारागिराशिवाय हात घालणे धोक्याचे असते. शेजारच्या छत्रपती संभाजीनगर येथे संकरित व विद्युत गाड्यांच्या कारखान्यासाठी टोयोटा किर्लोस्कर मोटरने जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाशी सामंजस्य करार केला.