खारा-गोड कप: तळ मऊ पडला तर गिऱ्हाईक गेलं!

पाटणमध्ये प्रेट्झेल शोधत बसू नका, खारट बिस्किटं चालतात. 200 ग्रॅम चुरा, 100 ग्रॅम वितळलेलं बटर, दोन चमचे साखर. ओव्हनमध्ये 180 अंशांवर 10 मिनिटं भाजा, पूर्ण गार करा. कपात दाबून भरा. त्यावर गोड चक्का अगदी कडेपर्यंत लावा. फट राहिली की जेली खाली झिरपते आणि कुरकुरीतपणा संपतो. वर महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची जेली, कोमट पण पातळ असतानाच ओता. जिलेटिन प्राण्यांपासून बनतं. शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी चायना ग्रास घ्या.

आता हिशोब. कप, चमचा, गॅस, वीज, तुमची मजुरी, सगळं धरूनच भाव ठरवा. आधी 10 कप करा, दुसऱ्या दिवशी स्वतः चाखा. तळ कुरकुरीत आहे? मग एफएसएसएआय नोंदणी करा आणि ऑर्डर घ्या!